अंगठ्याने काढलेला मुंढा

मेहुण्याची सुट्टी तीन महिन्यांची होती. सहाव्या आठवड्यातच बोटीवरून बोलावणं आलं आणि दोन दिवसांत बॅग भरून तो निघून गेला. टीव्हीला जोडलेलं खेळाचं यंत्र मात्र तसंच राहिलं. "भावोजी, वापरा. पडून राहिलं तर खराब होईल," एवढं तो गाडीत बसताना म्हणाला. यंत्राबरोबर एक जुनी आणि एक नवी अशा दोन डिस्क होत्या आणि दोन्ही बेसबॉलच्या. बोटीवर त्याच्या केबिनमधला साथीदार अशा देशाचा होता, जिथे गल्लोगल्ली हाच खेळ चालतो. त्याच्याकडून याला ती सवय लागली होती.

आमच्या कोरगावात बेसबॉल म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी मूळचा सिंधुदुर्गातला. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर चौदा वर्षं एक्स्कॅव्हेटर चालवला आणि ती सगळी वर्षं कारापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. खाण थांबली, पुन्हा चालू होणार म्हणून थांबलो, मग थांबण्यातही अर्थ राहिला नाही. बायकोला तुयेच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिचं माहेर तिथून जवळ, आणि घरात तिचे वडील एकटे. म्हणून आम्ही सामान उचलून कोरगावला आलो. सोय म्हणून आलो, पण लोक घरजावईच म्हणणार, हे मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. पेडण्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांनी शिवले होते, असं माझी बायको सांगते. मग उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि दुकान बंद झालं. मी राहायला आलो तेव्हा ते बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेले असत, उजवा हात मांडीवर आणि त्याच्यावर डावा हात दाबून धरलेला. माझ्याशी बोलत ते मोजकंच, आणि तेही "तुमी" म्हणून. जावयाला मान देण्याची ती पद्धतच आहे. पण लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्या मानातून माणूस काही पुढे सरकला नव्हता. मुलीने खाणीवरचा, हद्दीपलीकडचा मुलगा निवडला याचा त्यांना राग होता का? मी कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

सकाळी बायको बसने कामाला गेली की घरात आम्ही दोघेच. मी कामासाठी दोन-चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं. फोन येत नव्हता. अशाच एका दुपारी मी यंत्र चालू केलं आणि जुनी डिस्क घातली.

कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते, वर आळंब्याच्या टोपीसारखं डोकं. सोडली की आपोआप मधोमध येऊन उभी राहते. तिच्यावर अंगठा ठेवला आणि मला एकदम ओळखीचं वाटलं. एक्स्कॅव्हेटरच्या लिव्हरलाही असाच एक मध्यबिंदू असतो. तो हाताला कळला की ऑपरेटर तयार झाला म्हणायचं.

खेळ असा. आपण चेंडू टाकणारा. धाव नाही, टप्पा नाही, उभ्या जागेवरून चेंडू थेट फलंदाजापर्यंत जायचा. त्याच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत हवेत एक न दिसणारी चौकट असते आणि चेंडू त्या चौकटीत गेला पाहिजे. या जुन्या डिस्कमध्ये दांडी मागे ओढायची आणि तशीच धरून ठेवायची. पडद्यावर एक खूण खाली सरकत येते. ती रेषेवर पोचली की दांडी पुढे ढकलायची, जिथे चेंडू हवा त्या दिशेला. उशीर किंवा घाई झाली तर चेंडू वर-खाली जातो. अंगठा तिरका गेला तर डावीकडे-उजवीकडे. चुका दोनच, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिसतात.

मला ते झटक्यात जमलं. एक्स्कॅव्हेटरची बकेट भरताना हेच करायचं असतं. ओढायचं, थांबायचं, सोडायचं.

तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला. मामा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"तुमी हात उशिरा सोडतास," ते म्हणाले.

मी पुन्हा टाकून पाहिला. चेंडू खरंच थोडा वर जात होता. पुढच्या वेळी केसभर आधी सोडला आणि तो बरोबर कोपऱ्यात बसला. मामांनी मान हलवली आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

दोन-तीन दिवस ते नुसते पाहत होते. मग मी न राहवून कंट्रोलर पुढे केला. "बघा तरी मामा." त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, पाव फोडायच्या आधी धरतात तसा. दांडी मागे ओढेपर्यंत ठीक होतं. धरून ठेवायची वेळ आली आणि अंगठा थरथरू लागला. दांडी डावीकडे-उजवीकडे नाचायला लागली. चेंडू सुटला तो थेट फलंदाजाच्या बरगडीत. दुसरा त्याच्या डोक्यावरून. तिसऱ्या वेळी त्यांनी दांडी मागे ओढली आणि तशीच सोडून दिली. कंट्रोलर टीपॉयवर ठेवला, अगदी हलकेच, आणि बाहेर जाऊन बसले.

पुढचे चार-पाच दिवस ते खोलीत आले नाहीत. मी उगीच त्यांच्या हातात ते दिलं असं मला वाटत राहिलं. माणूस आपला हात दाबून बसला होता. मी तो सगळ्यांदेखत उघडा केला होता. सगळे म्हणजे मी एकटाच, पण तेवढं पुरे होतं.

मग एके दिवशी मी नवी डिस्क लावली. इथे दांडी ओढून धरायची नसते. प्रत्येक चेंडूचा एक आकार असतो, कुठे अर्धं वर्तुळ, कुठे उलटा आकडा, कुठे आधी खाली आणि मग वळसा घेऊन वर. पडद्यावर तो आकार उमटतो आणि एक रिंगण लहान होत जातं. तेवढ्या वेळात अंगठ्याने न थांबता तो आकार काढायचा आणि शेवटी दांडी सरळ झटकायची. चेंडू गेल्यावर आपण काढलेली रेघ मूळ आकारावर पांढऱ्या रंगात दाखवतात.

माझी रेघ बघवत नव्हती. वळण म्हणून काही नव्हतंच. कोपऱ्यामागून कोपरा, एखाद्या ट्रकने मागे-पुढे होत वळावं तशी. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं. खाणीवर माझी बकेट गोल फिरायची खरी, पण हात सरळच जायचा. गोलाई यंत्र काढायचं. माझ्या हाताने ती कधी काढलीच नव्हती.

दारातून हसण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी मामांना माझ्या एखाद्या गोष्टीवर हसताना पाहिलं नव्हतं.

"ह्यो तर मुंढो," ते पडद्याकडे बोट करून म्हणाले. मुंढा म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात तो गोलाईचा भाग. "आणि तो मघाचो, तो गळो. बघू दे माका."

 त्यांनी कंट्रोलर घेतला, अंगठा ठेवला, आणि रिंगण सुरू होताच अंगठा निघाला. निघाला तो थांबलाच नाही. खाली गेला, वळला, वर आला, झटकला. चेंडू फलंदाजाच्या जवळ जाऊन एकाएकी खाली बसला आणि त्याने हवेत बॅट फिरवली. मी पडद्याकडे पाहत नव्हतो. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. तो हलला नव्हता. म्हणजे चालला होता, पण थरथरला नव्हता.

"चाललेलो हात हालत नाय," ते म्हणाले. "थांबलो काय हालता. डॉक्टर बोललेलो माका. पण माका ता खरा वाटूक नाय."

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. जेवण झालं की बसायचं. मी जुनी डिस्क लावायचो, ते नवी. आणि कुठली पद्धत खरी यावर आम्ही वाद घालायचो. माझं म्हणणं असं की जुनी पद्धत सरळ आहे, चूक कुठे झाली ते कळतं, आणि कळलं तर सुधारता येतं. नव्या पद्धतीत आकार, वेळ आणि शेवटचा झटका हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. आकार सुरेख काढला तरी शेवट वाकडा झाला की सगळं वाया. मामांना ते मान्य नव्हतं.

"तुझ्यात काय असा?" ते एकदा म्हणाले. "ओढलंस, ढकललंस. भोवरो सोड नायतर बादली ओढ, सगळा एकच. ह्यात चेंडू जाण्याआधीच अंगठ्याक कळता तो खय वळतलो ता. तू दांडी ओढतस. मी रेघ काढतंय."

 ते मला पहिल्यांदाच "तू" म्हणाले होते. त्यांच्या लक्षात आलं नसावं. मीही ते दाखवून दिलं नाही, नाहीतर ते पुन्हा "तुमी"वर गेले असते.

मला वाटतं, त्यांचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं आणि माझंही नव्हतं. दोन्ही पद्धती चेंडूच टाकतात. फरक इतकाच की एक पद्धत हाताला थांबायला सांगते आणि दुसरी चालायला. कुणाला काय जमतं हे त्याच्या आयुष्यभराच्या कामावर ठरतं. आम्ही आपापल्या कामाची बाजू घेऊन भांडत होतो, आणि दोघांचंही काम गेलेलं होतं.

असे दोन महिने गेले असतील. मग त्यांचे चेंडू चुकायला लागले. आकार बरोबर असायचा, पण पडद्यावरची पांढरी रेघ मूळ आकाराच्या आत दिसायची, लहान. दांडी कडेपर्यंत पोचत नव्हती. "मोठं काढा मामा," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "मोठाच काढलंय." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती मोठीच वाटत होती.

एका दुपारी रेघ खूपच लहान आली. मामा पडद्याकडे पाहत राहिले. "थांबव," ते म्हणाले. मी खेळ थांबवला. मूळ आकाराच्या पोटात त्यांचा छोटा आकार, जणू एकाच तऱ्हेच्या ब्लाउजचं आईचं आणि लेकीचं माप.  मग मामा उठून आत गेले आणि कपाटातून वह्या घेऊन आले. दुकानातल्या मापाच्या वह्या होत्या त्या, शेवटच्या तीन-चार वर्षांच्या.

त्यांनी पहिली वही उघडली. आकडे ठसठशीत होते. छाती, कंबर, खांदा, बाही, एकाखाली एक. दुसऱ्या वहीत आकडे थोडे आखडले होते. तिसऱ्या वहीत ते ओळीच्या खालच्या कडेला चिकटून बसल्यासारखे झाले होते, आणि शेवटच्या पानांवर तर मला ते वाचताच येईनात. हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून अक्षर लहान होत गेलं होतं.

मामांनी एक पान शोधून काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ह्या वाच. बाही."

"दहा," मी वाचलं.

"सोळा असा ता," ते म्हणाले. इंग्रजी सहाची वरची शेपूट इतकी आखडली होती की त्याचं शून्य झालं होतं.

ती गोष्ट मला बायकोकडून अर्धवट माहीत होती. मामांच्या दुकानात हळर्ण गावची एक बाई कामाला होती. बावीस वर्षं. आधी हूक लावायची, तुरपाई करायची, आणि शेवटी-शेवटी वहीतलं माप पाहून कापडही तीच कापायची, कारण मामा म्हणायचे की चष्म्याने नीट दिसत नाही. एका नवरीच्या ब्लाउजची बाही तिने आखूड कापली. कापड साडीतलंच होतं, दुसरं मिळण्यासारखं नव्हतं. नवरीच्या आईसमोर मामांनी तिला नको ते सुनावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती गेली. वर्षभरात दुकानही बंद झालं. त्यानंतर दोघांची गाठ नव्हती.

"माका वाटलेला, तिणा लक्ष दिलेला नाय," मामा म्हणाले. वही त्यांच्या मांडीवर होती आणि हाताबरोबर तीही हलत होती. ती मिटून म्हणाले, "उद्या माका हळर्णाक व्हर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. त्यांनी वही पिशवीत घातली होती.  बाईचं घर गावातल्या जुन्या किल्ल्याच्या वाटेवर होतं. बाई अंगणात सुपात काही पाखडत होती, वय पंचावन्नच्या आसपास, केस पांढरे. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मास्तर, येवा, बसा." आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता.

मामा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी वही काढली, पान उघडलं आणि तिच्यापुढे धरली. "ता माप माझा चुकलेला," ते म्हणाले. "तुझा काय चुकूक नाय."

तिने वहीकडे नीट पाहिलंही नाही. "माका तेव्हाच ठावक होता," ती म्हणाली.

मामांना समजेना. मग तिने सांगितलं. वर्षभर आधीपासूनच तिला त्यांचे आकडे लागत नव्हते. शंका आली की ती जुनी वही काढून बघायची, कधी गिऱ्हाईक दुकानातून निघालं की मागून जाऊन पुन्हा माप विचारून यायची. मामांना कळू द्यायची नाही. पण ती नवरी नवीन गिऱ्हाईक होती, जुन्या वहीत तिचं माप नव्हतं. आणि दहा इंचाची बाही असतेच, त्यामुळे शंका यायचं काही कारण नव्हतं.

"मग सांगलंस कित्याक नाय?" मामांनी विचारलं.

"तुमचो हात बिघाडता, ह्या तुमका कोण सांगतलो?" ती म्हणाली. "माका वाटलेला, तुमका कळात. तोवर मिया सांभाळून घेतलंय. त्या दिवशी सांभाळूक जमला नाय."

मामा ओट्यावर बसले. डाव्या हाताने उजवा हात दाबायचाही विसरले. तो मांडीवर आपला हलत होता आणि ती बाई त्याच्याकडे सरळ पाहत होती, नजर न चोरता.  मग ती उठली आणि म्हणाली, "च्या करतंय." तिने मामांना चहा अर्धाच भरून दिला, सांडू नये म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चहा पिताना तिने विचारलं, "आता दिवसभर करतास काय?"

"चेंडू टाकतंय," मामा म्हणाले.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. टीव्ही, दांडी, आकार. तिला काही कळलं नाही असं मला वाटलं. पण मामांनी ओट्यावर बोटाने एक वळण काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मुंढो," आणि पहिल्यांदाच हसली. परत येताना मामा स्कूटरवर मागे बसून बडबडत होते, कुठल्या वळणावर कुणाचं घर, कुणाच्या लग्नात किती शिवलं. वाऱ्याने मला अर्धं ऐकू येत नव्हतं.

त्यांची रेघ रोज लहान नसते, हे मात्र माझ्या मनात घोळत राहिलं. मी कागदावर वेळा टिपू लागलो. गोळी घेतल्यानंतर तासाभराने रेघ मोठी यायची, आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की आखडायची. म्हापशाच्या डॉक्टरांना तो कागद दाखवला. हे तुम्ही कशावरून ठरवलंत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला बेसबॉल म्हणताना जरा लाज वाटली. ते हसले नाहीत. त्यांनी वेळा पुन्हा वाचल्या आणि दुपारची गोळी पाऊण तास आधी घ्यायला सांगितलं. त्याने फरक पडला. आजार गेला नाही. तो जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मला आता काम मिळालं आहे, एका रस्त्याच्या कामावर, खाणीवरच्यापेक्षा लहान मशीन. रोज निघतो आणि संध्याकाळी येतो. दुपारचा खेळ रविवारपुरता राहिला आहे. पण आठवड्यातून एक दिवस हळर्णची बाई बसने कोरगावला येते. ती घरीच शिवते, गिऱ्हाइकं बरीच आहेत, पण काही नव्या तऱ्हांचे गळे तिला जमत नाहीत. मामा तोंडाने सांगतात आणि ती कापडावर खडू चालवते. कधीकधी ते तिच्या हातावरून बोट फिरवून वळण दाखवतात. बायको म्हणते की ते तिला अजूनही ओरडतात, आणि आता ती उलट ओरडते.

यंदा मेहुणा सुट्टीवर आला तेव्हा नवीनच डिस्क घेऊन आला. त्यात दांडीला हातही लावायचा नाही, नुसतं बटण दाबलं की चेंडू जातो. त्याला वाटलं, बाबांना सोपं पडेल. मामांनी चार चेंडू टाकले, चारही बरोबर गेले, आणि त्यांनी कंट्रोलर त्याला परत दिला. "ह्यात माझा काय असा?" त्यांनी विचारलं.  मेहुण्याने ती डिस्क काढून बॅगेत ठेवली आणि मी उठून जेवणाची पानं घेतली.